हरकती व सूचना : जमीनवापराचे निर्णय आणि रहिवाशांचा अधिकार

महाराष्ट्रातील नगररचनेच्या कायद्याने रहिवाशांचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन जिथे घातले आहे तिथे रहिवासी सहसा फिरकत नाहीत, आणि जिथे ते मोठ्या संख्येने हजर होतात तिथे त्यांचे ऐकून घेण्याचे बंधन कोणावरच नसते. शेजारच्या मोकळ्या भूखंडाला पत्र्याचे कुंपण पडले आणि खोदकामाची यंत्रे आली की सोसायट्यांच्या बैठका भरतात, सह्या गोळा होतात, नगरसेवकाला आणि क्षेत्रीय कार्यालयाला निवेदने जातात. परंतु त्या भूखंडावर काय उभे राहू शकते याचा मूळ निर्णय कित्येक वर्षांपूर्वी एका नकाशावर रंग भरून झालेला असतो, त्या वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात नोटीस येऊन गेलेली असते, आणि तिच्यातली मुदत केव्हाच टळलेली असते.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, ज्याला सरकारी कचेऱ्यांत इंग्रजी आद्याक्षरांवरून एमआरटीपी कायदा म्हणतात. या कायद्यात 'विकास' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे : नवे बांधकाम, खोदकाम, खाणकाम यांच्याबरोबर इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात होणारा लक्षणीय बदल, उदाहरणार्थ राहत्या घराचे मंगल कार्यालय किंवा गोदाम होणे, हाही विकासच ठरतो आणि त्यालाही परवानगी लागते. परवानगी देणारी संस्था ती 'नियोजन प्राधिकरण'. शहरात ती बहुधा महापालिका किंवा नगरपरिषद असते, काही भागांत विशेष प्राधिकरण असते. हे प्राधिकरण साधारण वीस वर्षांसाठी आपल्या क्षेत्राची 'विकास योजना' तयार करते, आणि तिलाच बोलीभाषेत विकास आराखडा किंवा नुसते डीपी म्हटले जाते. आराखड्यात प्रत्येक जमिनीचा विभाग ठरतो (रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, हरित किंवा ना-विकास), आणि शाळा, दवाखाना, बाग, क्रीडांगण, रस्ता अशा सार्वजनिक गरजांसाठी ठरावीक भूखंडांवर 'आरक्षण' पडते. कोणत्या विभागात काय चालेल, किती उंच बांधता येईल, भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल (म्हणजेच चटई क्षेत्र निर्देशांक किंवा एफएसआय), हे विकास नियंत्रण नियमावलीत असते. मुंबईसाठी २०३४ च्या आराखड्याबरोबरची स्वतंत्र नियमावली आहे, तर राज्याच्या बहुतेक उरलेल्या भागासाठी डिसेंबर २०२० पासून एकच एकात्मिकृत नियमावली लागू झाली आहे.

एकेका इमारतीची परवानगी या सगळ्याच्या नंतर येते. मालक किंवा विकासक कलम ४४ खाली अर्ज करतो, प्राधिकरण कलम ४५ खाली तो मंजूर करते, अटींसह मंजूर करते किंवा कारणे नोंदवून नाकारते, आणि साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर, प्रस्ताव नियमांत बसत असल्यास, परवानगी मिळाली असे मानले जाते. या सबंध प्रक्रियेत शेजाऱ्यांना नोटीस देण्याची तरतूद नाही. नकार मिळालेल्या अर्जदाराला कलम ४७ खाली राज्य सरकारकडे अपील करता येते, पण परवानगी मिळाल्यामुळे ज्याच्या खिडकीपुढे भिंत उभी राहणार आहे त्याला असे अपील नाही. यामागचे तर्कशास्त्र असे, की जमिनीचा वापर सर्वांचे ऐकून आराखड्यात एकदा ठरला, आता प्रस्ताव नियमात बसतो की नाही एवढेच तांत्रिक काम उरले. तर्क म्हणून हे ठीक आहे. प्रत्यक्षात मात्र परवानगीच्या टप्प्यावरही सवलती, शिथिलता आणि आयुक्तांचे विशेषाधिकार असे बरेच काही असते, आणि त्या गोष्टी केवळ तांत्रिक म्हणता येत नाहीत.

त्यामुळे रहिवाशांचे खरे बळ आराखड्याच्या टप्प्यावर आहे, आणि तेही आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होण्याच्या आधीपासून. कायद्यानुसार प्राधिकरणाने प्रथम आराखडा करण्याचा इरादा जाहीर करायचा असतो, नंतर प्रत्येक जमिनीची सध्याची स्थिती दाखवणारा 'विद्यमान जमीनवापर नकाशा' करायचा असतो. हा दुसरा नकाशा दिसायला निरुपद्रवी असतो, कारण त्यात भविष्याविषयी काही नसते. पण त्यात जे दिसत नाही ते नियोजनकाराच्या लेखी अस्तित्वातच नसते. एखादे मैदान 'मोकळी जागा' न दाखवता 'रिक्त भूखंड' दाखवले गेले, तर पुढच्या नकाशात त्यावर घरे येण्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही.

मुंबईच्या २०१४ ते २०३४ या काळासाठीच्या आराखड्याने हे ठळकपणे दाखवून दिले. महापालिकेने विद्यमान जमीनवापराचे नकाशे २०१२ च्या अखेरीस लोकांपुढे ठेवले तेव्हा वास्तुरचनाकार, वस्तीपातळीवरच्या संघटना आणि रहिवासी मंडळे यांनी ते विभागवार तपासले आणि चुका काढून दिल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा आला तेव्हा त्यात काही ठिकाणी आठपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक सुचवला होता, आरेच्या हरित पट्ट्यात विकासाचे प्रस्ताव होते, उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले होते आणि अनेक वारसा वास्तूंची नोंदच गळाली होती. साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये, हरकतींची मुदत संपते न संपते तोच, मुख्यमंत्र्यांनी आराखडा दुरुस्त करून नव्याने मांडण्याचा आदेश दिला. फेरमसुदा मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या, हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीपुढे कित्येक महिने सुनावण्या चालल्या, आणि अखेर मे २०१८ मध्ये राज्य सरकारने आराखडा मंजूर केला. नागरिकांच्या सगळ्या मागण्या मान्य झाल्या असे मुळीच नाही. कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या हद्दींचा प्रश्न मंजुरीनंतरही धुमसत राहिला. तरी देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला आपला प्रारूप आराखडा मागे घ्यावा लागला, ही गोष्ट लहान नाही, आणि त्यामागे दोन वर्षे नकाशे घेऊन वॉर्डावॉर्डात फिरलेल्या माणसांचे काम होते.

प्रारूप आराखडा कलम २६ खाली राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस देऊन प्रसिद्ध होतो, नोटिशीत हरकती व सूचनांची मुदत दिलेली असते, आणि त्या मुदतीत लेखी दिलेल्या म्हणण्यालाच पुढच्या सुनावणीत जागा मिळते. हरकत कशी लिहावी याविषयी रहिवाशांत बरेच गैरसमज आढळतात. 'आमच्या भागात आधीच फार गर्दी आहे, तरी हा प्रस्ताव रद्द करावा' अशा वाक्याला समितीकडे उत्तर नसते, कारण त्यात तपासण्यासारखे काही नसते. ते फक्त नोंदवले जाते. याउलट एखादी हरकत अशी लिहिता येते : 'पत्रक क्रमांक अमुक, सिटी सर्व्हे क्रमांक अमुक ही जमीन सध्याच्या मंजूर आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षित आहे, प्रारूपात ती रहिवास विभागात दाखवली आहे, प्रारूपाच्याच अहवालात या प्रभागात मोकळ्या जागांची तूट मान्य केली आहे, त्या तुटीची भरपाई कोणत्या भूखंडावर होणार हे कुठेही दिलेले नाही, म्हणून आरक्षण कायम ठेवावे, आणि याबाबत प्रत्यक्ष सुनावणी मिळावी.' जमिनीचा क्रमांक, प्रस्तावातला नेमका बदल, प्राधिकरणाच्याच कागदांतला विरोधी पुरावा आणि नेमकी मागणी एवढे त्यात असले की समितीला ती स्वीकारावी लागते किंवा का स्वीकारली नाही हे लिहावे लागते, आणि ते लेखी कारण पुढे न्यायालयात कामाला येते. सोबत मंजूर आणि प्रारूप आराखड्यांचे भाग नकाशे आणि जागेची तारीखवार छायाचित्रे जोडावीत. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये, कारण पोच नसलेली हरकत सरकारी दप्तराच्या दृष्टीने दिलेलीच नसते.

एकाच मजकुराचे हजारो छापील अर्ज देण्याची पद्धतही रूढ आहे. समितीच्या अहवालात असे अर्ज बहुधा एकत्र करून एका मुद्द्यात गुंडाळले जातात, त्यामुळे युक्तिवाद म्हणून हजार अर्जांचे वजन एका अर्जाइतकेच भरते. मात्र संख्येचा राजकीय परिणाम नाकारता येत नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या तेव्हा त्या आकड्यानेच आराखडा निवडणुकीच्या राजकारणात आणून सोडला. शहाणी मंडळे दोन्ही करतात : छापील अर्ज संख्येसाठी, आणि अभ्यासून लिहिलेले मोजके अर्ज नस्तीसाठी.

'हरकती व सूचना' या जोडनावातला दुसरा शब्द बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आराखड्यातली चांगली गोष्ट टिकवण्यासाठीही लेखी म्हणणे देता येते, किंबहुना द्यावे लागते. ज्याच्या जमिनीवर बागेचे आरक्षण पडते तो मालक वकिलासह हरकत घेतो, आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. ज्या पाच हजार लोकांना त्या बागेचा उपयोग होणार आहे ते मात्र आरक्षण आहेच म्हणून गप्प बसतात. समितीपुढची नस्ती उघडली की आरक्षणाच्या विरोधात दहा कागद आणि बाजूने एकही नाही असे चित्र दिसते. पुण्यातल्या टेकड्यांच्या बाबतीत हे चित्र बदलले. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या तेवीस गावांच्या आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर टेकड्या आणि टेकडीउतार 'जैवविविधता उद्यान' म्हणून, म्हणजे पुणेकरांच्या तोंडच्या 'बीडीपी'साठी, आरक्षित करण्याचा प्रस्ताव होता. जमीनमालकांचा त्याला कडवा विरोध होता, आणि मोबदल्याविषयीचे त्यांचे प्रश्न रास्तही होते. परंतु नागरिकांच्या संघटनांनी आरक्षणाच्या बाजूनेही मोठ्या प्रमाणावर निवेदने दिली, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने हे आरक्षण कायम केले. टेकड्यांवरची अतिक्रमणे त्याने थांबली नाहीत, हेही खरे.

हरकतींची सुनावणी कलम २८ खालची नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले, नगररचना किंवा पर्यावरणाचा अनुभव असलेले जास्तीत जास्त चार जण असतात. समितीचा अहवाल, त्यावर प्राधिकरणाने केलेले बदल आणि मग कलम ३० खाली सरकारकडे रवानगी हा पुढचा क्रम. सरकार कलम ३१ खाली आराखडा मंजूर करते, पण त्याला 'सारभूत स्वरूपाचे' बदल करावेसे वाटले तर तेवढा भाग वगळून ते नव्याने हरकती मागवते. या वगळलेल्या भागांना नगररचनेच्या कचेरीत 'ईपी' म्हणतात. अनेक मंडळे नियोजन समितीपुढे जिंकून घरी जातात, आणि त्यांच्या मैदानाचे आरक्षण ईपीच्या यादीत कुठेतरी अर्ध्या ओळीत उडालेले असते. मंत्रालयातून निघणारी ती अधिसूचना वाचणारा एक तरी माणूस प्रत्येक भागात असला पाहिजे.

आराखडा मंजूर झाल्यावर तो वीस वर्षे गोठून राहतो असेही नाही. कलम ३७ खाली त्यात किरकोळ फेरबदल करता येतो, अट अशी की आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. यासाठी महापालिकेच्या मुख्य सभेचा ठराव होतो, नोटीस निघते, एक महिन्यात हरकती घेतल्या जातात आणि प्रस्ताव नगरविकास विभागाकडे जातो. या मार्गाने शहरे थोडी थोडी करत पुष्कळ बदलली आहेत. फेरबदलाचा प्रस्ताव मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेत कधी 'आयत्या वेळचे विषय' म्हणून दाखल होतो आणि चर्चेविना मंजूर होतो. म्हणून सभेची कार्यपत्रिका आणि इतिवृत्त नियमाने पाहणे हे कंटाळवाणे पण फळ देणारे काम आहे. नगरसेवकाचा उपयोगही इथेच होतो, कारण परवानगीच्या टप्प्यावर त्याच्या शब्दाला कायद्यात स्थान नाही, पण फेरबदलाच्या ठरावावर त्याचे मत मोजले जाते. २०२२ पासून अनेक महापालिकांत निवडणुका रखडून प्रशासक आले तेव्हा हे दारही काही वर्षे बंद होते, आणि सभेचे अधिकार व प्रशासनाचे अधिकार एकाच सहीखाली आले होते.

फेरबदलाची ही पायरी टाळली तर काय होते, हे पुण्याच्या प्रभात रस्त्यावरील एका भूखंडाच्या प्रकरणात दिसले. एरंडवण्यातला हा भूखंड १९८७ च्या आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी राखलेला होता. नव्वदच्या दशकात कलम ३७ ची प्रक्रिया न करता, नियमावलीतल्या आरक्षणाची जागा हलवण्याच्या एका तरतुदीचा आधार घेऊन, राज्य सरकारच्या सूचनेवरून शाळेचे आरक्षण दूरच्या जागी नेण्यात आले आणि मूळ भूखंडावर दहा मजली इमारत उभी राहिली. विकासक तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे जावई असल्याने प्रकरण गाजले. ज्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ही परवानगी बेकायदा ठरवली त्या नागरिकांकडून आल्या होत्या, आणि गिरीश व्यास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या या वादात ऑक्टोबर २०११ मध्ये उच्च न्यायालयाचा निष्कर्ष कायम राहिला. याचिकाकर्त्यांच्या बाजूने सर्वांत बोलका साक्षीदार महापालिकेचीच नस्ती होती : प्रशासनाने आधी घेतलेले आक्षेप, वरून आलेल्या सूचना आणि नंतर बदललेली भूमिका हे सगळे तिच्यात तारीखवार नोंदलेले होते.

आरक्षण नाहीसे होण्याची आणखी एक वाट आहे, आणि तिच्यात कोणाला हरकत घेण्याची संधीच नसते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली प्राधिकरणाला खरेदीची नोटीस देतो, आणि ठरलेल्या मुदतीत (ती पूर्वी सहा महिने होती, नंतर वाढत जाऊन आता चोवीस महिने आहे) संपादनाची खरी पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप सुटते. नुसता ठराव करून किंवा पत्रव्यवहार करून मुदत वाचत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट केले. बेंगळूरु असो की बार्शी, आणि राज्याचा कायदा कोणताही असो, पालिकेकडे पैसा नसणे हे आरक्षण बुडण्याचे नेहमीचे कारण आहे. परंतु महाराष्ट्रात नोटीस आल्याचे महिनोन्‌महिने कोणाला कळत नाही हेही तितकेच मोठे कारण आहे. आपल्या प्रभागातल्या आरक्षित भूखंडांची यादी करून, कोणत्या जमिनीवर खरेदीची नोटीस आली आहे याची विचारणा दर सहा महिन्यांनी करणारे मंडळ आणि अंदाजपत्रकात त्या संपादनासाठी तरतूद मागणारे मंडळ बांधकाम सुरू झाल्यावर उपोषणाला बसणाऱ्या मंडळापेक्षा कितीतरी अधिक काही मिळवू शकते.

ज्यांना उशिरा जाग येते त्यांच्या हातात काहीच नसते असे नाही, फक्त साधने बदलतात. पहिले साधन माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. दहा रुपयांच्या शुल्कात मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, अभिप्रायांसह टिपणी आणि विशेष सवलतींचे आदेश मागता येतात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो, म्हणून 'सर्व कागदपत्रे मिळावीत' असे मोघम लिहिण्याऐवजी आधी नस्तीची पाहणी मागावी आणि तिथे पाने निवडून त्यांच्याच प्रती घ्याव्यात हे सोयीचे. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि बांधकाम तीस दिवस थांबत नाही. त्यामुळे प्रकल्प नोंदणीकृत असेल तर महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर विकासकाने स्वतः चढवलेले मंजूर नकाशे आणि प्रमाणपत्रे आधी पाहून घेणारे लोक पुढे असतात.

घाईचे कारण कायद्यातच आहे. दिलेली परवानगी मागे घेण्याचा किंवा तिच्यात बदल करण्याचा अधिकार प्राधिकरणाला कलम ५१ खाली आहे, परंतु बांधकाम बरेच पुढे गेल्यावर तो वापरता येत नाही. जोते बांधून होण्याच्या आत दिलेली तक्रार आणि सातवा स्लॅब पडल्यावर दिलेली तक्रार यांत कायद्याच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. मंजूर नकाशापेक्षा वेगळे बांधकाम चालू असेल तर गोष्ट निराळी. तिथे कलम ५३ आणि ५४ खाली ते पाडण्याची आणि थांबवण्याची नोटीस देता येते, आणि रहिवाशाला केवळ फरक कुठे आहे तो नकाशावर बोट ठेवून दाखवायचा असतो. काही परवानग्या मुख्य परवानगीच्या आजूबाजूला असतात आणि त्यांत लोकांना जागा असते. झाडे तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाला जाहीर नोटीस काढावी लागते आणि ती प्रत्यक्ष झाडावरही लावावी लागते; परवानगीच्या गुप्त कारभारात रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणारी बहुधा ही एकच नोटीस असते, आणि हरकतीसाठी दिवस मोजकेच असतात. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते. खाणी आणि कारखान्यांसाठी असलेली जनसुनावणी इमारतींच्या प्रकल्पांना लागू नाही, पण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत, आणि पुरेसे कारण असल्यास आणखी साठ दिवसांपर्यंत, अपील करता येते. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे.

शेवटी न्यायालय. रहिवाशाला अशा वादात उभे राहण्याचा अधिकारच काय, हा प्रश्न आता जुना झाला आहे. उडुपीत दाट वस्तीच्या रहिवास विभागात नगरपालिकेने चित्रपटगृहाला दिलेल्या परवानगीला एका रहिवाशाने आव्हान दिले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नगररचना योजना तिथे राहणाऱ्यांच्या हितासाठीच असते, तेव्हा तिचा भंग झाला तर दाद मागण्याचा त्यांना हक्क आहे. बेंगळूरुमध्ये बागेसाठी राखलेला भूखंड मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने एका खासगी रुग्णालयाला दिला गेला, तो निर्णय १९९१ मध्ये बेंगळूरु मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या प्रकरणात रद्द झाला आणि बाग हा वस्तीच्या जगण्याचा आवश्यक भाग आहे हे न्यायालयाने मान्य केले. हे निवाडे आजही उद्धृत होतात. परंतु हक्क असणे आणि तो वेळेत बजावणे यांत अंतर असते : उशिरा आलेल्या याचिकेकडे न्यायालय संशयाने पाहते, आणि मधल्या काळात पन्नास कुटुंबांनी कर्ज काढून घरे घेतली असतील तर त्यांचे हितसंबंध तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडतात. शिवाय निकाल लागेपर्यंत शाळेच्या वयाची मुले महाविद्यालयात पोहोचतात. प्रभात रस्त्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतरच बारा वर्षे गेली.

रहिवाशांची हरकत नेहमीच सार्वजनिक हिताची असते असे समजण्याचेही कारण नाही. बेघरांचा निवारा, भाजी मंडई, मनोरुग्णांचे पुनर्वसन केंद्र, झोपडपट्टीवासीयांची पर्यायी घरे यांच्या विरोधात येणारी निवेदने 'वाहतूक' आणि 'सुरक्षितता' हेच शब्द वापरतात, आणि ती लिहिणाऱ्यांकडे वेळ, वकील व संगणक असतो. ज्यांची घरेच नकाशावर नाहीत त्यांना हरकतीच्या अर्जात सिटी सर्व्हे क्रमांक कोणता लिहावा हे कळणे कठीण. मुंबईच्या आराखड्याच्या वेळी 'हमारा शहर विकास नियोजन अभियान' या नावाखाली वस्त्यांतल्या संघटनांनी फेरीवाले, बेघर, कामकरी स्त्रिया यांच्या मागण्या नियोजनाच्या भाषेत उतरवल्या, त्याचे महत्त्व यामुळेच अधिक आहे. प्राधिकरणाने हरकती मोजाव्यात की तोलाव्यात, या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. ते समितीच्या विवेकावर सोडलेले आहे.

खेड्यांत परिस्थिती वेगळी आणि बहुधा अधिक अवघड आहे. गावठाणाबाहेरची जमीन प्रादेशिक योजनेखाली येते, परवानगीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात आणि ग्रामसभेच्या ठरावाला, अनुसूचित क्षेत्रे सोडली तर, निर्णायक वजन क्वचितच मिळते. या बाबतीत शेजारच्या गोव्याचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तिथे १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली सबंध राज्याची एकच प्रादेशिक योजना असते. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या २०११ च्या योजनेत शेते, बागायती आणि डोंगरउतार मोठ्या प्रमाणावर वस्तीसाठी खुले केल्याचे लोकांनी सर्व्हे क्रमांक लावून दाखवले, 'गोवा बचाव अभियाना'ने राज्यभर सभा घेतल्या, आणि २००७ च्या सुरुवातीस सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली. त्यानंतर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने २०२१ ची योजना तयार केली, तिचे नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले आणि गावपातळीवरच्या समित्यांनी आपापल्या गावची तळी, पायवाटा, देवस्थानाच्या जमिनी, उतार यांच्या दुरुस्त्या सुचवल्या. गावाने स्वतःचा नकाशा तपासण्याचे इतके मोठे उदाहरण भारतात दुसरे सहज सापडत नाही.

पुढची हकीकतही त्याच ओघात वाचायला हवी. २०२३ मध्ये गोव्याच्या कायद्यात कलम १७(२) घालण्यात आले, आणि योजनेतल्या 'अनवधानाने झालेल्या चुका' किंवा 'विसंगत विभागणी' दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका मालकाच्या अर्जावर एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याचा मार्ग मोकळा झाला. गावसमित्यांनी घेतलेल्या हरकतींना या प्रक्रियेत स्थान नव्हते. गोव्यातल्या नागरी संघटना या बदलांच्या अधिसूचना राजपत्रातून गोळा करत राहिल्या, सर्व्हे क्रमांक जुन्या नकाशावर बसवत राहिल्या आणि ती माहिती घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेल्या. मार्च २०२५ मध्ये खंडपीठाने या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द केल्या व कलमाची व्याप्ती आकुंचित केली. तोवर एकेका भूखंडाचा विभाग बदलण्यासाठी कलम ३९अ हा आणखी एक मार्ग कायद्यात आलेला होता, आणि त्याच्या नोटिशींवर गावोगाव हरकती लिहिण्याचे काम सुरू झाले होते.